फाईलीतली तिसरी ओळ

सर, मागच्या आठवड्यात ऑफिसात एका सहकाऱ्याने तुमच्या एका वाक्यासाठी माझे आभार मानले, आणि मी ते निमूटपणे खिशात घातले. आमच्याकडे अजूनही बरीच कामं काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करूनच चालतात. तिथे प्रोग्रामचं उत्तर रंगीत यायचं, चुकलं तर लाल, जमलं तर हिरवं. मी त्यात सोय करून दिली की रंग ज्याचे त्याने निवडावेत, नको असतील तर बंद करावेत, आणि रंगाशेजारी शब्दही यावा. तो म्हणाला, "मॅडम, मला लाल-हिरवं एकसारखंच दिसतं. आजवर कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हटलं, असंच सुचलं.

हिंगोलीतला आपला क्लास खताच्या दुकानावर होता, जिन्यात कायम युरियाचा वास. सहा कम्प्युटर, त्यातले दोनच रंगीत. जिल्हा नुकताच वेगळा झालेला, नव्या कचेऱ्यांना कम्प्युटरवाले लागणार अशी सगळीकडे हवा, आणि डोंगरकड्याकडच्या आमच्या तांड्यावरून मी रोज एस.टी.ने यायचे. रंगीत पडदे विद्यार्थ्यांना देऊन तुम्ही स्वतः काळ्या-पांढऱ्यावर बसायचात. आम्हाला तो तुमचा मोठेपणा वाटायचा. शिकवायचात मात्र असं की डोक्यात बसलेलं पुन्हा निघत नसे. समासात पेन्सिलीने टिपा केलेलं तुमचं स्वतःचं पुस्तक तुम्ही मला दिलंत आणि म्हणालात, "वापस आणू नको." अक्षरांना रंग द्यायचा कसा, ते मी त्याच पुस्तकात वाचलं.

पहिला रंगीत प्रोग्राम तुम्हाला दाखवला त्या दिवशी मी डबा विसरले होते, म्हणून आई तो घेऊन आली. आम्ही आईला याडी म्हणतो. ती दारात उभी, आरसे लावलेल्या घागऱ्यात, हातभर बांगड्या घालून. पडद्यावर मी पिवळा, जांभळा, लाल, हाताला लागेल तो रंग ओतून ठेवला होता. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत, मग दाराकडे. "काहून गं, तांड्यावरचा घागरा इथं वाळू घातला का?" अख्खा वर्ग खिदळला. सगळे हसतात म्हणून याडीही हसली. तोंडावर ओढणी धरून, कुणाच्या घरी पाहुणी आल्यासारखी हसत राहिली. मला त्या क्षणी तुमचा राग आला नाही, तिचा आला. तुमचा परतीच्या एस.टी.त आला, आणि मग तो गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काही घडलंच नाही अशा सुरात माझ्याशेजारी येऊन बसता. "हे बघ, रंग प्रोग्रामात गाडून नको ठू. बाहेर फाईलीत ठेव. ज्याला जे दिसंल ते त्यानं लावावं." मी मान खाली घालून लिहून घेते. त्या वाक्यावर माझं आजवरचं पोट भरलं आहे. मी वर्गाच्या निकालाची यादी दाखवणारा प्रोग्राम केला आणि त्याला तीन ओळींची एक फाईल जोडली. पहिल्या ओळीत पासाचा रंग, दुसऱ्या ओळीत नापासाचा, आणि तिसरी ओळ नावापुढे अक्षर दाखवायचं की नाही ते सांगणारी. अक्षर चालू असलं की नावापुढे पी किंवा एफ यायचं. तुम्ही तुमच्या पडद्यावर यादी वरून खालपर्यंत वाचलीत आणि "बराबर हाय" म्हणालात.

तुमच्या डोळ्यांचं मला कळलं ते स्टॅबिलायझरमुळे. लाइट जाऊन आली की त्याच्यावर दिवा लागायचा, लाल असेल तर थांबायचं, हिरवा झाला की कम्प्युटर सुरू करायचे. तुम्ही त्याच्या पुढ्यात उभं राहून विचारायचात, "कोणता लागला गं?" बाकीच्यांना वाटे सर कामात गुंग आहेत. एकदा मी मुद्दाम हिरव्याला लाल म्हटलं. तुम्ही दहा मिनिटं त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलात. मी कुणाला सांगितलं नाही, जपून ठेवलं.

मग तो दिवस. क्लासचे मालक नव्या कचेरीतल्या दोन साहेबांना घेऊन येणार होते. त्यांना आवडलं तर तिथल्या लोकांना शिकवायचं काम क्लासला मिळणार आणि तुम्ही त्याचे मुख्य होणार, हे तुम्हीच आम्हाला चारदा सांगितलं होतंत. प्रोग्राम दाखवायचा होता माझा, तोही रंगीत पडद्यावर. सकाळी मी लवकर आले आणि तिसऱ्या ओळीत "हो"चं "नाही" केलं. एवढंच केलं. बाकी काही करायची गरज नव्हती.

इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही यादी उघडलीत आणि थबकलात. मालक म्हणाले, "वाचा की सर, नापास कोण हाय?" तुम्ही अंदाजाने एक नाव घेतलंत. ते हिरवं होतं. दुसरं घेतलंत, तेही हिरवं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मालकांना आधी कळेना, मग कळलं, आणि कळल्यावर ते थांबले नाहीत. एकेका नावावर बोट ठेवून, बालवाडीतल्या लेकराला विचारावं तसं विचारू लागले, "हे कोणतं? अन् हे?" तिसऱ्या नावावर तुमच्या कपाळावर घाम आला, तरी तुम्ही उत्तरं देत राहिलात. का दिलीत, सर? नुसतं गप्प बसला असतात तरी चाललं असतं. साहेब लोक खिडकीतून बाहेर बघत होते. वर्ग हसत होता. मी हसले नाही, मला नीट बघायचं होतं.

ते गेल्यावर जिन्यात तुम्ही मला गाठलंत. आवाज चढला नव्हता. "पोरी, त्याच्यात अक्षरं व्हती ना? म्या बघितली व्हती."

"न्हाई सर," मी म्हटलं. "अक्षरं नव्हतीच."

तुम्ही "व्हय, माझाच घोटाळा झाला असंल" म्हणून उतरून गेलात. फाईल उघडून बघायला तुम्हाला मिनिटही लागलं नसतं, आणि तुम्ही ती उघडणार नाही हे मला माहीत होतं. आठवड्याभरात मालकांनी तुम्हाला काढलं. ज्याला रंग दिसत नाहीत तो कम्प्युटर काय शिकवणार, असं गावभर झालं. तुम्ही हट्टा गावात टायपिंगचा क्लास काढलात, आणि तीनेक वर्षांत गेलात. पुण्यात असताना मला ते फोनवर कळलं. मी "अरेरे" म्हटलं आणि दुसरं काहीतरी विचारलं.

तुमच्या मंडळी अजून हट्ट्यालाच राहतात. पत्ता माझ्याकडे आहे, पाकीटही आणलं होतं. माफी मागायची म्हणून लिहायला बसले, आणि एवढं लिहून झालं तरी तो शब्द आलेला नाही. खरं सांगायचं तर मालकांचं बोट तिसऱ्या नावावर आलं आणि तुमच्या कपाळावर घाम दिसला, ते लिहिताना मी दोनदा थांबले. वाईट वाटलं म्हणून थांबले नाही. पुन्हा एकदा बघावंसं वाटलं म्हणून थांबले.