सशाला आणायला जाते

सूनबाई,

येणाऱ्या बाळासाठी खोली आवरताना सकाळी तू कापडी ससा वर धरून विचारलंस, "आई, हाही देऊन टाकू ना?" माझं आज दुपारपर्यंत मौनव्रत. मी हातानेच 'राहू दे' म्हटलं, तुला वाटलं 'जाऊ दे'. तू भरलेली पिशवी तुझा नवरा आत न बघताच जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन कामावर गेला. तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही.

तो ससा ह्यांनी शिवला होता, स्वतःच्या विजारीचा पाय कापून. तुझ्या नवऱ्याला तेव्हा गोवर आला होता. ह्यांना सुई धरता येत नव्हती, म्हणून दोन्ही कान एकाच बाजूला. पण पोरगं त्याला मांडीवर घेतल्याशिवाय जेवेना.

दुकानदाराला दाखवायला कागदावर सगळं लिहून घेतलंय. नाहीच पटलं तर मौन मोडीन. देव समजून घेईल, दुकानदार घेणार नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. दूध तापवलंय, ते घे. बाळासाठी ससा नको वाटला तर मोकळेपणाने सांग. माझ्या पलंगाची एक बाजू रिकामीच असते.

— आई