उसना होकार

३ मार्च
नवी नोकरी लाभली म्हणायची. खिडकीशी टेबल, समोर दोन पडदे आणि शिकवायला खुद्द मालक. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. बैठकांचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे. बोलणाऱ्यालाच धरून बसू नकोस, म्हणाले. कुणाचे ओठ विलग झाले, खांदे पुढे आले, की पुढची पाळी त्याची. नजरा वळतील तिकडे आपण वळायचं. तोंड थापा मारतं, मान मारत नाही. मला हे मनापासून पटलं. सत्याला जिभेची गरज नसते, हे मी आजवर व्यासपीठावरून कंठशोष करून सांगत आलोय.

५ मार्च
कारखान्यातल्या स्फोटाची बैठक. व्यवस्थापक, वकील आणि दगावलेल्या कामगाराची बहीण. चूक तुमच्या भावाचीच, असं व्यवस्थापक म्हणतात. ती नुसती बघत राहते. उस्ताद म्हणाले, इथे हिची मान हलायला हवी. आपले पैसे कारखाना देतोय. सुरुवातीला पाणी हवं का विचारल्यावर तिने मान हलवली होती. ती उचलून मी इथे डकवली. सांधा कुठे दिसत नाही. उस्तादांनी पाठ थोपटली.

६ मार्च
मूळ व्हिडिओ उघडला. तिला पाणी विचारतात. तिची मान हलत नाही. पुन्हा पाहिलं. नाहीच.

७ मार्च
घरी ही हसत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या शब्दाला हो म्हणताय, म्हणाली. मी तोंडाने नाही म्हणत होतो. आरशात पाहिलं. मान डावीकडे कलून, पापण्या मिटून, संथ खाली. ही ढब माझी नाही. त्या बहिणीची आहे.

९ मार्च
ती बहीण आली होती. मी होकार दिला नव्हता ना दादा, एवढंच विचारत होती. नव्हता, म्हणालो. दोनदा म्हणालो. ती माझ्या हलणाऱ्या मानेकडे बघत होती. मग दिला असेन मीच, म्हणाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं —

१० मार्च
चौकशी समितीच्या दाराबाहेर. व्हिडिओ खरा का, मला विचारणार. मान मफलरने आवळलीय. तरी —

ती शेजारी येऊन बसली. मान तुमच्या ताब्यात नाही, कळलं मला; आत मी तुमची हनुवटी धरते, म्हणाली, तुम्ही तोंडाने खरं सांगा दादा. आत्ताच धरून पाहिली. दोन्ही हातांनी, घट्ट. मान थांबली. खरंच थांबली —

पण तिचीच मान — डावीकडे कलून — पापण्या —

नाही, ताई. तुम्ही नका —