रिकामी कशी धाडायची

रविवार, १२ फेब्रुवारी २०२३

देवा रे! काहून नेलं मी त्यांना तिथं!

आज कंपनीत परिवार दिवस होता. आमची कंपनी विमानाचे भाग बनवते, बाहेरच्या माणसाला कधी आत घेत नाही. पण नंदा दीदी मागेच लागल्या – कामावर बायका टिकायच्या तर घरच्यांनी त्यांचं काम पाहिलं पाहिजे. बायकांना कामावर घेणं, वस्त्यांमध्ये जाऊन मुलींना समजावणं, हे सगळं खातं त्यांचंच. म्हणून मी सासूबाईंना नेलं. गेटवर सगळ्यांच्या बांगड्या, पिना काढून घेतल्या. आत कण पडलेला चालत नाही. सासूबाईंची मात्र झडती नाही! "अम्माजी हैं, जाने दो."

पंखाच्या मागे दोन झडपा असतात, डावी अन् उजवी. आमच्या टोळीनं जोडलेल्या दोन्ही स्टँडवर ठेवल्या होत्या, रिबिनी बांधून. मी म्हटलं, "आई, ह्या माझ्या पोरी. आता बंगलोरला चालल्या, विमानाला लागायला." फुशारकी मारली. नडली ती फुशारकी.

घरी आल्यावर चहा पिता पिता म्हणतात, "ओटी भरली बरं मी."

"कोणाची?"

"खिडकीपाशी उभी होती ना, तुयी पोरगी. मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. कनवटीले पुरचुंडी होतीच. हात जाईल येवढं भोक होतं, त्यातून सोडलं. सासरी चालली लेक, रिकामी कशी धाडायची? अन् मंग –"

"गप्प बसा!" मी ओरडली. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदाच ओरडली त्यांच्यावर. तेव्हापासून त्या बोलून नाही राहिल्या. मला जेवण गेलं नाही.

सोमवार, १३ फेब्रुवारी

गेल्या गेल्या खिडकीपाशी धावली. खिडकीपाशी म्हणजे उजवी. भोकावर झाकण बसलेलं. टोळीप्रमुख शैलेंद्र सरांनी सकाळीच रिवेट मारून टाकले. डावी तर रात्रीच बंद होऊन पहाटे ट्रकात गेली. उजवी शुक्रवारी जाणार.

आत एक दांडी सरकते. विमान उतरताना ती सरकली तरच झडप खाली येते. आणि तिथं सुपारी अडकली तर? सुपारी! अडकित्त्यानंही पटकन फुटत नाही.

सांगायला पाहिजे. सांगितलं तर? आज काचेवर कोणाच्या तरी लिपस्टिकचा डाग निघाला, तर आमच्या टोळीतला नथ्थू भैया सगळ्यांसमोर म्हणाला, "औरतों का मेला लगाओगे तो यही होगा." डागासाठी एवढं, तर तांदळासाठी काय म्हणतील! गुरुवारी पनागर गावच्या बायकांचे इंटरव्ह्यू आहेत. माझी मावसबहीण बेबी त्यांच्यातच. आत्ताच तिचा फोन – "शकुताई, साडी नेसू की ड्रेस घालू?" काय सांगू तिला? तुझ्या नोकरीत माझ्या सासूनं तांदूळ टाकले म्हणून?

ह्यांना बोलली नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत अख्ख्या गढा मोहल्ल्यात होईल.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

आज उजवी उचलून ट्रॉलीवर ठेवली. चौघांनी. मीही एका कोपऱ्याला. तिरपी झाली आणि आतून आवाज आला. खुळ्ळ! नथ्थू भैया थांबला. "कुछ बजा क्या?"

"मेरी चाबी होगी."

चाबी गेटवर जमा असते. त्यालाही माहीत आहे. बघत राहिला माझ्याकडे, मग म्हणाला, "चलो, उठाओ."

मीही उचलली, पुन्हा वाजू नये म्हणून सरळ धरून.

बुधवार, १५ फेब्रुवारी

डुमना विमानतळावरून उडालेलं विमान घरावरून गेलं. खिडक्या दिसल्या. तव्यावरची पोळी करपली.

बुधवारीच, दिवेलागणीनंतर

शेवटी सासूबाईंजवळ जाऊन बसली. म्हटलं, "आई, काहून केलं असं?"

त्या वाती वळत होत्या. वळता वळता म्हणाल्या, "तुये सासरे गेले तेव्हापासून माया हातची ओटी कोणी घेते का सांग. भाचीचं लगन झालं, मले मागच्या खोलीत बसवलं. शकु, तू तरी घेतली का?"

नाही घेतली. संक्रांतीला मीच म्हटलं होतं, आई, तुम्ही राहू द्या.

"म्हटलं, ही पोर तरी नाही म्हननार नाही."

मला रडू फुटलं. मग समजावलं – दांडी, सुपारी, आत बसलेली माणसं. त्यांचा हात थांबला. "अवं माय! मंग सांग ना त्याहीले. मायं नाव सांग. मले काय जेलात टाकतीन?"

गुरुवार, १६ फेब्रुवारी

सांगितलं!

शैलेंद्र सरांचा चेहरा पांढरा फटक. स्वतः बसून रिवेट काढले. तांदूळ निघाले, हळकुंड निघालं, सुपारी दांडीच्या अगदी शेजारी.

"और लेफ्ट वाले में?"

"नहीं सर. खिड़की वाला ही था."

"पक्का? अम्मा से पूछा है?"

"पूछा है सर."

विचारलं नव्हतं. पण ती गेलेली परत मागवायची म्हणजे बंगलोरपर्यंत बोभाटा, आणि बाहेर बेबी साडी नेसून बसलेली. आणि खिडकीपाशीच तर म्हणाल्या होत्या.

नंदा दीदींनी माझा हात धरला. "आपने खुद बताया, यही बड़ी बात है." यापुढे झडती सगळ्यांची होणार, अम्माजींचीही. इंटरव्ह्यू झाले. बेबीला घेतलं! चार दिवसांनी पोटभर जेवली.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंना सांगितलं, निघालं बरं सगळं. खुश झाल्या. मग चहा गाळता गाळता म्हणतात, "अन् दुसरीचं?"

"कोणत्या दुसरीचं?"

"पोरी दोन होत्या ना वं. एकीची भरू अन् दुसरीले रिकामी धाडू? त्या दिवशी सांगूनच राहिली होती. तू गप्प बस म्हटलं."

शैलेंद्र सरांना फोन लावून राहिली. रिंग जाते. उचला ना सर. उचला!