माह्या फोनची चपटी पिन

तान्हा पोळा, संध्याकाळ, वलगाव

या फोनवाल्या कंपनीचं काय जात होतं साधी बारीक पिन द्याले? माही लेक मीरा बाळंतपणासाठी अकोल्याच्या दवाखान्यात, अन् मी काल पोळ्यासाठी घरी येताना चार्जर तिथंच विसरली. दुपारी फोन बंद पडला. गेलेली लाइन आल्याबरोबर चार घरं फिरली. कोणाकडं जाड पिन, कोणाकडं बारीक. माह्या फोनले चपटीच लागते, तेही त्याच कंपनीची. काहून पण? विरजण मागाले गेलं तं कोणाच्याही घरचं चालते. दही लागतेच ना!

शेवटी शेजारच्या रुबिनाभाभीनं आपली बारीक पिन लावून पाहिली अन् हसली. "ताई, पिन नाई लागत तं सिम काढा. माह्या फोनमंदी टाका."

हे मले सुचू नये? चार घरं फिरून आली मी!

सिम टाकलं अन् जरा वेळानं मीराचाच फोन. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मी इकडं रडून राहिली, अन् ते म्हणते, "आई, तुहा चार्जर अख्ख्या वार्डात फिरला. एकाच्याबी फोनले लागला नाही."