गीताबाई नावाच्या तेरड्याविषयी

कुडवा, तालुका गोंदिया
रविवार, ता. ६ ऑक्टोबर १९५७

तीर्थस्वरूप सुभद्राबाईस,

धाकट्या नंदलालचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही सारे धडधाकट आहोत. तुझी भावजय मंदा तर इतकी की तिच्या तब्येतीची चौकशी करायची माझी हिंमत होत नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडचं धान कसं आहे? (आमचं हलकं धान कापणीला आलं, भारी अजून हिरवं आहे.) गेल्या साली राज्यांची नवी वाटणी झाली, त्यात तू मध्यप्रदेशात राहिलीस आणि मी मुंबई राज्यात गेलो. दोघंही जागचे हललो नाही, तरी एकमेकांना परराज्यातले झालो. तेव्हापासून तुझं पत्र नाही. त्याआधीही येत नव्हतं म्हणा, पण तेव्हा मला दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नव्हती.

पत्रास कारण की मी सध्या एका फुलाचा अभ्यास करून राहिलो आहे. हसू नकोस. ऑगस्टात शाळेला वरून एक छापील कागद आला: आपल्या भागात आढळणाऱ्या, एका हंगामात उगवून मरणाऱ्या एखाद्या शोभेच्या रानफुलाचं नाव, वर्ग आणि ते कुठे कुठे आढळतं ते भरून पाठवा. मोठ्या गुरुजींनी तो माझ्या टेबलावर ठेवला, कारण मी एकदा त्यांच्या देखत फुलाचा वास घेतला होता. मी तेरडा निवडला. तेरडा पावसाळ्यात जिथे तिथे उगवतो, तेव्हा खुर्चीवरून न उठता कागद भरता येईल असा माझा हिशेब होता.

पहिल्याच रकान्यात अडलो. मी 'तेरडा' लिहिलं, तर भैय्यालाल (आमचे हिंदीचे मास्तर, गोंदियाहून सायकलीनं येतात) म्हणाले की या फुलाचं नाव गुलमेंदी आहे, त्यांच्या आजीपासून गुलमेंदीच आहे. मी म्हटलं, गाव मराठी, शाळा मराठी, फूल मराठी. ते म्हणाले, फुलाला विचारलं का. यावरून आम्ही दोघे पंधरा दिवस एका चिवड्याच्या पुडीतून न बोलता खात होतो. शेवटी नागपूरच्या कॉलेजातल्या एका प्रोफेसरांना लिहिलं. त्यांनी फार सज्जनपणे कळवलं की दोन्ही नावं घरगुती आहेत, जात एकच आहे, रंग कितीही असोत, आणि शास्त्रातलं तिचं लॅटिन नाव 'अधीर' अशा अर्थाचं आहे. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फुटतं आणि बी लांब उडतं, म्हणून. दोघेही हरलो हे पाहून भैय्यालालनी मला चहा पाजला.

बोंड फुटतं हे मला पत्रातून कळलं, पण साहेब तपासणीला आले तेव्हा ते लक्षात राहिलं नाही. मी दहाबारा पिकली बोंडं सदऱ्याच्या खिशात घालून गेलो आणि त्यांच्या टेबलावर मोठ्या ऐटीनं ओतली. साहेब वाकून बघायला लागले. पुढचं लिहिण्यासारखं नाही. थोडं बी चहात गेलं, थोडं मिशीत, एक त्यांच्या चष्म्याच्या मागे जाऊन बसलं. त्यांनी शेरेबुकात लिहिलं आहे: शिक्षक उत्साही, नमुने बांधून आणावेत.

आता राहिला 'कुठे आढळते' हा रकाना. तो घरी बसून भरता आला असता, पण शेऱ्यामुळे मला ईर्षा चढली होती. दर रविवारी सायकल घेऊन निघालो. (ही तीच सायकल, बाई. तिचं नाव काढलं म्हणून पत्र खाली ठेवू नकोस.) पहिल्यांदा फुलचूरला गेलो. तिथे एका आंगणात पांढरा तेरडा दिसला, प्रत्येक पाकळीवर लाल शिंतोडे उडालेले. असा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. कुंपणातून डोकं घालून वही काढली, तर कुत्रं आलं आणि कुत्र्याच्या मागे मायच्या ओळखीतली देवकाबाई आली. म्हातारी झाली आहे, पण तिनं मला ओळखलं.

"काऊन रे मास्तर, उन्हातान्हात कायले फिरून रायला?"

मी सगळं सांगितलं आणि या फुलाला तुम्ही काय म्हणता असं विचारलं. ती म्हणाली, "गीताबाई."

मला वाटलं, तिनं कोणाला हाक मारली. मी मागे वळून पाहिलं. बाई, मी खरंच वळून पाहिलं. मायला जाऊन तीन वर्षं झाली आणि एवढ्यात कोणी तिचं नाव इतक्या सहज घेतलं नव्हतं. देवकाबाईनं पाणी आणून दिलं. म्हणाली, तिचा लेक झाला तेव्हा माय बघायला आली होती आणि पदराच्या गाठीतून बी देऊन गेली. तेव्हापासून ते फूल गीताबाई.

त्यानंतर मी नागऱ्याला गेलो, ढाकणीला गेलो, वाटेतली लहान गावंही सोडली नाहीत. अकरा आंगणांत तोच शिंतोड्यांचा तेरडा सापडला. नऊ ठिकाणी त्याचं नाव गीताबाई होतं. एका ठिकाणी 'कुडव्याची' म्हणाले, एका ठिकाणी कोणी घरात नव्हतं. नकाशा काढून लाल शाईचे ठिपके दिले आणि पाहत बसलो. हवा, माती, पाणी यांच्याशी त्या ठिपक्यांचा काही संबंध नव्हता. कोणाकडे बारसं होतं, कोणाकडे मयताची माती होती, कोणाच्या धानाच्या बांधीत माय रोवणीला गेली होती, एवढ्याच हिशेबानं ते फूल पसरलं होतं. मी कागदावर तसंच लिहिलं: प्रसार गीताबाईमार्फत, पायी. नाव: गीताबाई. मोठ्या गुरुजींनी विचारलं की सरकारी कागदावर बाईमाणसाचं नाव असं कसं पाठवायचं. मी म्हटलं, फुलाला विचारा. भैय्यालाल जोरात हसले आणि त्यांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली (साक्षीदाराचा रकाना नव्हता).

शेवटचा रकाना 'कुठे आढळत नाही' असा होता. तो लोक बहुधा कोरा ठेवतात. मी आपल्या घराचा पत्ता लिहिला.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा लिहितो. माय गेली त्याच महिन्यात मी तिचं फुलांचं आळं (माहेरी आलीस की तू तिच्याशेजारी तिथेच बसायचीस) खणून त्यावर सायकलीसाठी छपरी बांधली. पावसात भिजते म्हणून. तू तेरवीला आलीस, आंगणात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आता मी कुठं बसू रे?" मी म्हटलं, आत खाट आहे की. बाई, मला खरंच वाटलं की तू बसायला जागा मागते आहेस. तू दुपारच्या गाडीनं निघून गेलीस. मी चौथीला पदच्छेद शिकवतो, आणि माझ्या बहिणीचं पाच शब्दांचं वाक्य समजायला मला तीन वर्षं आणि अकरा आंगणं लागली.

भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. मोठ्यांचा लोभ कोणत्या तोंडानं मागायचा, म्हणून पत्रानं मागतो.

तुझा,
नंदलाल

ता. क. छपरी गेल्या रविवारी पाडली. सायकल आता पडवीत असते आणि मंदा तिला रोज अडखळते.

ता. क. २ खरं काम राहिलंच. देवकाबाईकडे बी मागितलं, तर ती म्हणते, तुया हाती नाही देत, सुभद्रीले पाठव. म्हातारी हट्टाला पेटली आहे, माझा इलाज नाही. तेव्हा दिवाळीला तुला यावंच लागेल. बालाघाटहून छोट्या लाईनीच्या गाडीत बस, मी गोंदियाच्या फलाटावर उभा राहीन. कोणत्या दिवशी ते कळवलं नाहीस तर रोज उभा राहीन.

ता. क. ३ पत्र चिकटवणार होतो, पण मंदानं वाचलं आणि म्हणाली, बहिणीशी खोटं बोलू नका. तर बी देवकाबाईनं पहिल्याच दिवशी ओंजळभर दिलं. घरात आहे. तरी ये.