दोघींचा एक कागद

ऐत उझ्रू
अक्रोड झोडपायचा तिसरा दिवस

अल्लाचं नाव घेऊन.

चि. तिझिरीस आजी तूदाचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मोहाच्या व्हॅनमधून आलं. बाजारातल्या कांद्यांखाली दडपलं होतं, त्यामुळे अर्ध्या मजकुराला कांद्याचा वास. वाचायला दोन दिवस लागले. मशिदीतल्या बायकांच्या वर्गात दोन हिवाळे बसले, पण मास्तरीण फळ्यावर मोठं लिहायची. तू मुंग्या सोडतेस.

अक्रोड यंदा बरे आहेत, झोडपायला माणूस नाही. तुझा बाप स्पेनमध्ये दुसऱ्यांचे टोमॅटो तोडतो, इथं त्याच्या झाडावर कावळे बसतात. मी खालूनच काठी मारते. वरचे कावळ्यांचे. शेजारच्या ईशूचं दार उन्हाळ्यापासून बंद आहे, मुलानं तिला शहरात नेलं. आता वरच्या आळीत धूर फक्त माझ्या चुलीचा. भाकरी हात चारच थापतो, त्याला काय सांगणार. त्यातल्या दोन शेळी खाते. अंगानं बाळसं धरलंय तिनं.

तू फोन कर म्हणतेस. दुकानातल्या फोनवर मी बोलणार नाही. दुकानदार साखर तोलता तोलता कान लावतो आणि संध्याकाळपर्यंत माझी खोकल्याची उबळसुद्धा गावभर होते.

आता तुझ्या कामाचं. तुला जन्माच्या कागदावर तिझिरी हे नाव हवं आणि खरं वय हवं. त्यासाठी कोर्टात येऊन मी सांगायचं की कागदावरची रक्किया म्हणजे तुझी थोरली बहीण, ती तू जन्मायच्या आधीच वारली आणि तिचाच कागद तुला चिकटवला. तर ऐक. मी येणार नाही. अठ्ठावीस वर्षं त्या कागदावर शाळा शिकलीस, कासाब्लांकाला गेलीस, नोकरी धरलीस. तेव्हा टोचला नाही तो. आणि त्या फोनच्या कचेरीत दिवसभर फ्रेंच लोकांना मी सोफी बोलतेय म्हणून सांगतेस, त्याचा अर्ज कुठल्या कोर्टात केलास? दोन नावं पुरत नाहीत म्हणून तिसरं लावून घेतलंस, आणि भांडण माझ्याशी.

मोहाबरोबर अक्रोड पाठवलेत. हिरवी सालं हातानं काढू नकोस, बोटं काळी होतील, मग तुझी ती साहेबीण विचारील.

लोभ असू दे. नसला तरी पत्र पाठव.

आजी तूदा


कासाब्लांका
१८ ऑक्टोबर २०२२

ती. आजीस तिझिरीचा शि. सा. न. तुझ्या हाताला आणि कपाळाला ओठ लावून लिहिते. अक्षर मोठं काढलंय.

अक्रोड पोचले. खोलीतल्या तिघींनी एका बैठकीत संपवले आणि तुझ्या नावानं दुवा दिली.

आजी, सोफी हे नाव मी संध्याकाळी सहा वाजता कानावरून उतरवून टेबलावर ठेवते. रक्कियाचं तसं होत नाही. मला शाळेत शिकवायचंय, फोनवर लोकांना गाद्या विकायच्या नाहीत. शिक्षकभरतीला वयाची अट तीस. माझं वय अठ्ठावीस, कागदाचं एकतीस. ज्या परीक्षेला बसायला माझ्या हातात अजून दोन वर्षं आहेत, तिच्या दारातून तो कागद मला परत पाठवतो. नावासाठी अडून बसले असते तर हट्ट म्हणाली असतीस. हे पोटाचं आहे.

वकीलबाई म्हणतात, मला सगळे तिझिरी म्हणून ओळखतात हे सांगायला कायद्याला लागतात तेवढे, गावातले बारा पुरुष मिळाले. पण रक्किया वारली हे त्यातल्या एकालाही सांगता येत नाही. त्या हिवाळ्यात सगळे पुरुष कळप घेऊन खाली मैदानात गेले होते. बर्फ पडलं, खिंड बंद झाली, आणि तिला न्हाऊ घालणं, खड्डा खणणं सगळं बायकांनीच केलं. त्या बायकांतली आता तू एकटी उरलीस. न्यायाधीश तुझं ऐकायला तयार आहेत. तारीख २४ नोव्हेंबर, गुरुवार.

लोक सांगतात की तूच बाबांना म्हणालीस, घरात एक कागद पडलाय तो वापर, कचेरीत कशाला दोनदा हेलपाटा. खरं आहे का? एका दिवसाची पायपीट वाचवलीस आणि मला जन्मभर मेलेल्या पोरीच्या कपड्यात फिरवलंस. आई असती तर तिनं माझी बाजू घेतली असती. मला उशीर होऊ नये म्हणून ती रोज सकाळी शाळेच्या भिंतीपाशी येऊन उभी राहायची, आठवतं?

उत्तराची वाट पाहते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी तिझिरी


ऐत उझ्रू
बाजारानंतरचा रविवार

चि. तिझिरीस अ. आ.

लोक सांगतात ते खरं आहे. मी म्हणाले होते. पायपीट दोन दिवसांची होती, एका नव्हे.

साक्षीला येणार नाही. गुडघे दुखतात.

शेळी बरी आहे. लोभ आहेच.

आजी


कासाब्लांका
१ नोव्हेंबर २०२२

ती. आजीस सा. न.

गुडघ्यांचं कळलं. त्याच गुडघ्यांनी तू परवा छपरावर चढून माती लिंपलीस, हे मोहा सांगून गेला.

या सुट्टीत मी येत नाही. खोलीतली एक मैत्रीण तिच्या गावी बोलावतेय, तिकडे जाईन. तुला दोन भाकऱ्या जास्त लागणार नाहीत, तेवढंच.

कळावे.

कागदाप्रमाणे,
रक्किया


ऐत उझ्रू
पहिलं हिव पडलं त्या दिवशी

चि. तिझिरीस अ. आ.

तुझी सही वाचली आणि पत्र चुलीपर्यंत नेलं. मग परत आणलं. त्या नावाशी चेष्टा करायची नाही. पुन्हा केलीस तर शहरात येऊन सगळ्यांसमोर कान पिळीन, मग तुझी सोफी काय करते ते बघू.

हे पत्र पाच दिवस लिहितेय. मास्तरिणीनं असल्या गोष्टींचे शब्द शिकवले नव्हते.

रक्किया दोन वर्षं आठ महिन्यांची होती. चालताना डावा पाय जरा बाहेर टाकायची आणि मीठ चोरून खायची. ताप आला तेव्हा खिंड बंद होती. तिसऱ्या दिवशी गेली. तू तेव्हा आईच्या पोटात, नववा महिना. जमीन लोखंडासारखी होती. आम्ही पाच बायकांनी आधी वर शेण्या पेटवल्या, माती मऊ केली, मग खणलं. दुवा मीच म्हटली. बाईनं म्हणायची नसते असं म्हणतात. म्हणणारे तिकडे मेंढ्यांबरोबर उन्हात बसले होते.

महिन्यानं तू आलीस. तुझी नाळ मी कापली. वसंतात तुझा बाप बासू वर आला. त्याला कचेरीत दोन गोष्टी सांगायच्या होत्या, एक गेली आणि एक आली. कुटुंबाचं जन्ममृत्यूचं पुस्तक घेऊन तो उंबऱ्यात उभा, आणि तुझी आई त्या पुस्तकावर बसली. खरोखर बसली, मांडीखाली घेऊन. ती म्हणाली की कारकून माझ्या पोरीवर रेघ मारील. इथं मेली तेवढं पुरे, तिथं तरी राहू दे, वाढू दे, सहा वर्षांची झाली की शाळेत जाऊ दे. नव्या पोरीला तिचाच कागद द्या. बासू ओरडला, मी ओरडले. तिनं दोन दिवस तुला दूध पाजलं नाही.

तेव्हा मीच गावात सांगितलं की हेलपाटा वाचवला. लोकांना पटलं. मला चेंगट म्हणून घ्यायची सवय आहे, ते मला शोभतंही. पण तुझ्या आईला, तामूला, लोकांनी वेडी म्हटलं असतं, आणि वेड्या बाईला आमच्याकडे माहेरी पोचवतात. तिनं माझ्याकडून वचन घेतलं, की मी जिवंत असेतो त्या पोरीला मेली म्हणून कुणासमोर सांगणार नाही. अकरा वर्षांनी ती स्वतः गेली तेव्हासुद्धा माझ्या हाताला धरून तेच म्हणाली. तुझं नाव तिनं घेतलं नाही. तू चालती बोलती होतीस, तुझी काळजी तिला नव्हती.

आणि तुला उशीर होऊ नये म्हणून ती भिंतीपाशी यायची नाही. मास्तर हजेरी घ्यायचा. रक्किया म्हणून हाक मारायचा आणि आतून कुणीतरी हजर म्हणायचं. तेवढं ऐकायची आणि गवत कापायला निघून जायची. पावसातसुद्धा.

आता सांग, मी कोर्टात काय तोंडानं येऊ.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

आजी तूदा


कासाब्लांका
१९ नोव्हेंबर २०२२

ती. आजीस तिझिरीचा शि. सा. न.

पत्र मी जिन्यात बसून वाचलं, खोलीत तिघी असतात.

मी हजर म्हणायचे तेव्हा हळू म्हणायचे गं. माझं नाव नाही म्हणून. मास्तर दोनदा ओरडायला लावायचे. बाहेर तिला ऐकू गेलं असेल की नाही, एवढंच डोक्यात फिरतंय.

तू येऊ नकोस. वकीलबाईंना आजच फोन करून सांगते की अर्ज मागे घ्या. गाद्या काय, कुणीतरी विकायच्याच असतात. लवकरच रजा काढून येईन. छपरावर चढू नकोस.

तुझी माया होती तशीच माझ्याकडे राहू दे.

तिझिरी


ऐत उझ्रू
डिसेंबरचा दुसरा शनिवार (तारीख मोहाला विचारून घातली)

अल्लाचं नाव घेऊन.

चि. तिझिरीस अ. आ. वि. वि.

तुझं मागचं पत्र माझ्या हाती आलं २६ तारखेला. मी २४ ला जाऊन आले होते. तेव्हा त्यात मला घातलेली बंदी मी मोडली असं धरू नकोस, मला ती माहीतच नव्हती. माहीत असती तरी गेले असते. ते पत्र तुला धाडलं आणि वाटलं, मेलेल्यांसाठी जिवंत पोरीचं पोट किती अडवायचं.

मोहानं पुढच्या सीटवर बसवलं. वळणावळणाच्या रस्त्यात दोनदा ओकले, त्याची टोपी गेली. कोर्टाच्या दारात तुझी वकीलबाई भेटली. पोरगीच आहे, उंच टाचा, थंडीत नाक लाल. म्हणाली की मुलीनं मागे घ्यायला सांगितलंय, आता तेवढं कळवून मोकळं व्हायचं. मी तिला म्हटलं, मी इतक्या दुरून ओकत आले ते काय तुझी पादत्राणं बघायला? आधी मला आत ने, मागे काय घ्यायचं ते नंतर बघ.

न्यायाधीश बाई निघाली. आमची भाषा येत नव्हती, मध्ये एक दुभाषा. तिनं विचारलं, मुलगी वारली तेव्हा कुणी पुरुष हजर होता का. मी सांगितलं की होता, एक बोकड. दुभाष्यानं ते सांगितलं नाही, पण बाईला माझ्या तोंडावरून कळलं असावं, तिनं खाली बघितलं. मग दिवस विचारला. मी सांगितला. खणलं कसं ते विचारलं. शेण्यांचं सांगितलं. कारकून लिहायचा थांबला तेव्हा त्याला म्हटलं, लिही, ते पण लिही. रक्कियाचं नाव, आईचं नाव, पायाचं, मिठाचं, सगळं लिहून घेतलं त्यांनी. तिच्याबद्दल इतकं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. पुस्तकात तिचं नाव होतं, पण ती नव्हती त्यात. तू होतीस. हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. तामूला कळलं असतं का, माहीत नाही. वचन मोडलं ते मोडलं. वर गेल्यावर माझं मी बघीन.

शेवटी शिपायानं अंगठ्याला शाई आणली. मी डबी परत सरकवली आणि सही केली. वेळ लागला. मागे दहा माणसं खोळंबली होती, त्यातला एक खाकरला. खाकरू दे.

काल वकीलबाईचा दुकानात फोन आला. निकाल लागला. तू तिझिरी झालीस, वय अठ्ठावीस. दुकानदारानं ऐकलंच, त्यामुळे तुझ्या आधी गावाला कळलं. त्यानं लग्नात देतात तसा साखरेचा एक सुळका फुकट दिला, यावरून काय ते समज. परीक्षेला बस. नापास झालीस तर मी एवढी ओकले ते वाया जाईल.

आज दुपारी वर कबरस्तानात गेले. तिचा दगड कोरा आहे, आमच्याकडे पोरांचे कोरेच असतात. मेंढ्यांवर खूण करायचा लाल रंग घेतला होता, आणि काडीला लोकर गुंडाळून. तिचं नाव आणि तिच्या आईचं, मशिदीत शिकलेल्या लिपीत मिळून आठ अक्षरं पुरली असती, एक चुकलं म्हणून नऊ झाली. लिहून झाल्यावर मास्तरासारखं मोठ्यानं वाचून बघितलं. कुणी ओ दिली नाही. कावळा होता, तो उडाला. खाली उतरेपर्यंत ऊन गेलं होतं आणि आळीत माझी चूलसुद्धा विझलेली.

सुट्टीत ये. आलीस तर भाकऱ्या चारच थापीन, शेळीचं बाळसं उतरायला हवं.

माझ्यावरचा राग संपला असेल तर तुझी माया इकडे पाठव, मोहाच्या व्हॅनमध्ये कांद्याखाली जागा असते.

आजी तूदा

ता. क. रंग पावसानं जाईल. डब्यात थोडा ठेवलाय. चुकलेलं अक्षर तू लिही.