माझ्या पायाचे औषध माझ्या हाती देऊ नये

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
जिल्हा आरोग्य कार्यालय,
दोमेकोपे, घाना.

विषय : एका पायासाठी दिलेले औषध सहा बिऱ्हाडांत संपल्याने ते पुन्हा मिळण्याबाबत, मात्र माझ्या हातात न देण्याबाबत.

संदर्भ : माझा उजवा पाय (सुजलेला). समक्ष दाखवण्याची तयारी आहे.

महोदय,

खाली सही करणार सेन्यो आग्बावोर, धंदा शिवणकाम, राहणार मासळी बाजारामागचे सामाईक अंगण, सविनय अर्ज करतो की,

१. गेल्या महिन्यात एका अंत्यविधीहून परतताना माझा पाय उघड्या गटारात जाऊन घोट्याला जखम झाली. या घटनेचा ताडीशी संबंध जोडला जातो, तो मला मान्य नाही. गटारावर झाकण नव्हते, हे मात्र सर्वांना मान्य आहे. जखम चिघळली. शिलाईयंत्राच्या पायट्यावर माझा सगळा जोर याच पायाचा असल्याने धंदा बसला.

२. आपल्या उपकेंद्रातील सिस्टर एनाम यांनी मला लाल-पिवळ्या कॅप्सूलचे आठवडाभराचे पाकीट दिले व बजावले, "सेन्योभाऊ, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. सगळं संपवायचं. आणि जेवणाबरोबर घ्यायचं." हे कोणत्या जंतूवर, असे मी विचारता त्या म्हणाल्या, "एकाच जातीच्या नाही, नाना जातींच्या जंतूंवर चालतं." हे वाक्य मी घरी येऊन अंगणात मोठ्याने सांगितले. माझा गुन्हा एवढाच आहे.

३. उघड्यावर जेवायला बसलेल्याने येणाऱ्याजाणाऱ्याला "ये, जेवायला" म्हणायचे आणि त्याने "चालू दे तुझं" म्हणून पुढे जायचे, ही रीत साहेबांच्या घरीही असेलच. जो म्हणत नाही त्याला आमच्यात माणसात धरत नाहीत. या रीतीपायी आजवर माझा एक घासही कमी झालेला नाही. पण त्या दिवशी बांकूच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या गोळ्याच्या, ताटलीच्या कडेला कॅप्सूल ठेवलेली होती. सारे अंगण जिला मामा, म्हणजे आई, म्हणते ती म्हातारी आकोफा समोरून चालली होती. मी म्हणालो, "ये मामा, जेवायला." ती थांबली आणि म्हणाली, "जेवण नको रे बाळा, पोट भरलंय. ते लाल-पिवळं चालेल. नाना जातींवर चालतं म्हणतोस, तर माझ्या कमरेत त्यातली एखादी जात असेलच की." बोलावून झाल्यावर ताटली मागे ओढायची कशी, हे मला कोणी शिकवलेले नाही.

४. त्यानंतर अंगणात जेवणाच्या वेळा जुळू लागल्या. टेम्पोवाला फिआवू म्हणाला, "लांबचा पल्ला आहे, आधीच घेऊन ठेवतो. वाटेत काही झालंच तर." चर्चमध्ये गाणारी डेला हिने रविवारपुरता घसा साफ व्हावा म्हणून घेतली. शेजारच्या झाटोने तर आपल्या मान टाकून बसलेल्या कोंबडीसाठी मागितली. मी चिडून विचारले, "अरे, कोंबडीला मी जेवायला कधी बोलावलं?" तो म्हणाला, "ती तुझ्या ताटलीजवळून रोज जाते, तू तिला विचारत नाहीस, हेही मी मनावर घेतलेलं नाही." कोंबडी उठली. औषधाची कीर्ती बाजारापर्यंत गेली. माझा पाय मात्र होता तसाच राहिला, नव्हे, वाढला.

५. सिस्टर एनाम यांच्या तक्रारीवरून आपल्याच कार्यालयाने एक आरोग्य प्रबोधक पाठवले, त्याबद्दल आभार. त्यांनी अंगणात फलक लावून उन्हात मोठे भाषण केले. दुसऱ्याचे औषध घेऊ नये, अर्धवट घेऊ नये, अशाने जंतू निर्ढावतात आणि पुढे कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत, हे सर्व आम्हांला पटले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर हे प्रबोधक साहेब माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "एफो, भाऊ, एक उरलीय का? बोलून बोलून घसा धरलाय." मी दिली. सरकारी माणसाला नाही म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

६. आता सिस्टरांनी माझ्या कार्डावर "औषध नीट घेत नाही, पुन्हा देऊ नये" असा शेरा मारला आहे. डॉक्टर म्हणतात, पू हाडापर्यंत पोचला तर पाय जाईल. मला भीती वाटते, साहेब. हे लपवून काय करू? पण शेजाऱ्यांना हाकलून दे, असे जे सिस्टर म्हणतात, ते मला जमणारे नाही. माझी बायको गेली तेव्हा माझी मुलगी सित्सोफे तान्ही होती. डेलाने आपल्या मुलाबरोबर तिला अंगावर पाजली. मामा आकोफाने तिला पाठीला बांधून वाढवली. तिची कंबर त्यातच गेली असेल, मला ठाऊक नाही. हे आमच्या पोरापुरतेच आहे, असे त्या वेळी अंगणात कोणीही म्हणाले नाही. आता मी ताटली झाकून जेवू?

७. तरी विनंती की, कार्डावरील शेरा खोडून मला पुन्हा पूर्ण पाकीट मंजूर करावे, पण ते उपकेंद्राच्या कपाटात कुलपात ठेवावे. मी रोज लंगडत येईन, सिस्टरांच्या समोर बसून कॅप्सूल गिळीन आणि रिकाम्या हाताने घरी जाईन. कोणी मागायला आल्यास आपल्या कार्यालयाने नाही म्हणावे. ते काम मला आयुष्यात कधी जमलेले नाही. आपल्या कार्यालयाचा त्यातला अनुभव दांडगा आहे, हे सारा जिल्हा जाणतो.

आपल्या कपाटाच्या भरवशावर एका पायावर उभा असलेला,
आपला नम्र,
सेन्यो आग्बावोर
दोमेकोपे, बाजाराचा दिवस, सकाळ

सोबत :
(१) रिकामे पाकीट.
(२) शेवटची उरलेली एक कॅप्सूल, पुराव्यादाखल. (हे सहपत्र रद्द समजावे. अर्ज टंकून देणारे मास्तर याओटसे यांच्या जिभेला फोड आला आहे, आणि अर्ज तयार होताच मी त्यांना रीतीप्रमाणे जेवायला बोलावले.)